'तो पैसा वेगळा असतो'

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या अमेरिकन फुटबॉल स्टेडियमच्या पूर्वेकडच्या फाटकावर उभी राहून जी बाई तिकिटं स्कॅन करते, तीच सोमवारी सकाळी माझ्या मुलीला केमिस्ट्री शिकवते. ऑगस्टच्या शेवटी टेक्सासमध्ये संध्याकाळी सातलाही अंगाची लाही होत असते. तिच्या गळ्यात शाळेचं ओळखपत्र असतं, पायात सकाळी वर्गात घातलेलेच बूट, हातात स्कॅनर आणि पायाशी एक कापडी पिशवी. सामना सुरू होऊन फाटकावरची गर्दी ओसरली की ती पिशवीतून मुलांच्या प्रयोगवह्या काढते आणि खिडकीच्या दिव्याखाली तपासायला घेते. मी शाळेच्या बँडच्या पालकांपैकी. मुलगी क्लॅरिनेट वाजवते, त्यामुळे महिन्यातून दोनदा नाचोजच्या खिडकीमागे उभं राहायची पाळी माझ्यावर येते, आणि तिथून ते फाटक समोर दिसतं. एकदा मी तिला नाचोज आणि थंड पाणी नेऊन दिलं. ती सहज म्हणाली, दर सामन्याचे वेगळे पैसे मिळतात, चार शुक्रवार केले की महिन्याचं पेट्रोल निघतं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुलगी घरी 'आमची सगळ्यात चांगली टीचर' म्हणते ती हीच.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. डॅलसच्या उत्तरेकडच्या ज्या पट्ट्यात आम्ही राहतो तिथे गेल्या वीस वर्षांत मराठी घरं चिक्कार वाढली, त्यामुळे आमच्या गणपतीतही तो निघतोच. यंदा आरती झाल्यावर, प्रसादाचे द्रोण हातात असतानाच निघाला. नव्या स्टेडियमसाठी कर्ज काढायचं म्हणतात आणि शिक्षक नोकऱ्या सोडून चाललेत, असं मी म्हणाले. त्यावर आमचे एक शेजारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो वहिनी, तुम्ही उगाच दोन गोष्टी एकत्र करताय. तो पैसा वेगळा असतो." हेच वाक्य मी स्टेडियमच्या बाकांवर इंग्रजीत किती वेळा ऐकलंय! शाळेच्या रंगाची टोपी घातलेले आजोबा हेच सांगतात. मुलगा संघात असलेला रिपब्लिकन बापही हेच सांगतो. त्यांच्या पुढच्या बाकावर डेमोक्रॅट पक्षाला मत देणारी एक आई बसते. तिचं म्हणणं उलट असतं, की ही असली स्टेडियमं बांधणं बंद करा आणि तो पैसा शिक्षकांना द्या. मग हाफटाइमपर्यंत वाद चालतो, बँड मैदानात उतरला की थांबतो, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तिथूनच सुरू होतो.

शेजाऱ्यांचं म्हणणं कायद्याला धरून आहे हे आधी मान्य करते. टेक्सासमध्ये शाळांसाठी आपण जो मालमत्ता कर भरतो त्याचे दोन भाग असतात. एक चालू खर्चाचा, ज्यातून पगार, वीज, बसचं डिझेल निघतं. दुसरा कर्जफेडीचा, ज्यातून इमारती, बस आणि स्टेडियमसाठी काढलेले रोखे, म्हणजे बाँड, फेडले जातात. रोख्यांच्या पैशातून शिक्षकाचा पगार देता येत नाही, तशी मनाई आहे. म्हणजे स्टेडियम नाकारलं तर तो पैसा केमिस्ट्रीच्या बाईंच्या खात्यात जाईल हे पुढच्या बाकावरच्या बाईंचं म्हणणं चूक आहे.

त्याच्या पुढची गोष्ट बाकांवर कोणी बोलत नाही. चालू खर्चाचा कर ज्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावच्या शाळांच्या विभागात, भरपूर गोळा होतो, त्यातला काही भाग राज्य काढून घेतं आणि त्यातून गरीब डिस्ट्रिक्टना मदत होते. १९९३ पासून ही पद्धत आहे, लोक तिला 'रॉबिन हूड' म्हणतात. कर्जफेडीच्या कराला मात्र हा नियम लागत नाही. त्यातला प्रत्येक डॉलर गावातच राहतो. आता गावच्या शाळामंडळाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पगारासाठी एक डॉलर मागितला तर त्यातला किती आपल्याकडे राहील याची खात्री नाही. स्टेडियमसाठी मागितला तर पुरता राहतो, वर डोळ्यांना दिसतं असं काहीतरी उभं राहतं. कायद्यानेच ही वाट उताराची करून ठेवली आहे, आणि पाणी उताराकडे वाहतं.

डॅलसजवळच्या अ‍ॅलन गावाचं उदाहरण इथे सगळ्यांना ठाऊक आहे. २००९ मध्ये त्या गावाने ११.९ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, त्यातून सुमारे ६ कोटींचं, १८ हजार लोक बसतील असं हायस्कूलचं स्टेडियम उभं राहिलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते उघडलं तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले. दोन वर्षंही झाली नव्हती तोवर काँक्रीटला तडे गेल्याचं निघालं आणि २०१४ चा सगळा हंगाम ते बंद राहिलं. अ‍ॅलनची मुलं त्या वर्षी घरचं मैदान नसताना दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळली आणि राज्य अजिंक्यपद जिंकली. सलग तिसऱ्यांदा! पुढे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा पुरस्कार, हाइजमन ट्रॉफी, मिळवणारा कायलर मरे तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक होता. संघ कशाने होतो हे त्या वर्षी अ‍ॅलनने दाखवून दिलं असं मला वाटतं. तरी त्या मंडळींनी स्टेडियम बांधलं म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. पाचातल्या तिघांहून जास्त लोकांनी मत देऊन, आपल्या घराच्या करातून ते बांधलंय.

आणि खरं सांगायचं तर स्टेडियमवर राग काढण्यात आपण फार मोठी चूक करतो. साधा हिशेब करू. व्याज बाजूला ठेवा. ६ कोटी डॉलर ३० वर्षांवर पसरले तर वर्षाला २० लाख होतात. हजार शिक्षकांच्या डिस्ट्रिक्टमध्ये वाटले तर माणशी वर्षाला २ हजार. लहान रक्कम नाही, पण घर सावरेल अशीही नाही.

आता दुसरा हिशेब. राज्य दर विद्यार्थ्यामागे शाळेला जी मूळ रक्कम धरून देतं ती २०१९ मध्ये ६,१६० डॉलर ठरली आणि २०२५ पर्यंत तिथेच राहिली. मधल्या काळात कोविड येऊन गेला, अंडी, भाडं, विमा, पेट्रोल सगळं वर गेलं. महागाई नुसती २० टक्के धरली, खरी तर त्याहून जास्त होती, तरी दर मुलामागे १,२०० डॉलरच्या वर तूट पडते. २० हजार मुलांच्या डिस्ट्रिक्टला ती वर्षाला जवळजवळ अडीच कोटी डॉलर होते. म्हणजे अ‍ॅलनच्या स्टेडियमएवढा पैसा दर अडीच वर्षांनी शाळांच्या हातून निसटत होता, आणि आपण बाकांवर बसून स्कोअरबोर्डचा पडदा किती मोठा आहे यावर भांडत होतो.

हे पैशाअभावी झालं असतं तर समजून घेता आलं असतं. २०२३ मध्ये ऑस्टिनला विधिमंडळ बसलं तेव्हा राज्याच्या तिजोरीत ३,२७० कोटी डॉलरची शिल्लक होती. टेक्सासच्या इतिहासात एवढी कधी नव्हती. त्यातले सुमारे १,८०० कोटी मालमत्ता करात सवलत द्यायला काढले. शिक्षकांच्या वाढीसाठी पैसे राखून ठेवले होते. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांना मात्र खासगी शाळांसाठी सरकारी मदत, ज्याला सगळे 'व्हाउचर' म्हणतात, ती हवी होती, आणि पगारवाढ तिला बांधून टाकली गेली. अधिवेशनामागून अधिवेशन झालं. १७ नोव्हेंबर २०२३ ला प्रतिनिधीगृहाने ८४ विरुद्ध ६३ मतांनी व्हाउचर विधेयकातून काढून टाकलं, आणि त्यासोबत शिक्षकांची वाढही बुडाली.

त्या ८४ मध्ये २१ रिपब्लिकन होते, बरेचसे लहान गावांचे प्रतिनिधी. त्यांनी आपल्याच गव्हर्नरविरुद्ध मत का दिलं हे समजायला पश्चिम टेक्सासमधल्या एखाद्या छोट्या गावी शुक्रवारी संध्याकाळी जावं. तिथे शाळेत अकरा खेळाडूंचा संघ उभा करण्याइतकी मुलं नसतात, म्हणून सहा-सहा जणांचं फुटबॉल खेळतात, मैदानही शंभरऐवजी ऐंशी यार्डांचं. प्रशिक्षकच इतिहास शिकवतो आणि परगावी सामना असला की बसही तोच चालवतो. जवळपास खासगी शाळा नसते. शाळा हाच गावातला मोठा रोजगार असतो आणि संघ हीच गावाची ओळख. त्या बाकांवरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन आहेत, पण शाळेचा पैसा बाहेर जाऊ देणं त्यांना पटत नव्हतं. माझ्या मते शिक्षकांच्या बाजूची या राज्यातली सगळ्यात भक्कम आघाडी ती होती, आणि ती खेळाच्या प्रेमातून उभी राहिली होती. पण मार्च २०२४ च्या प्राथमिक निवडणुकीत, जिच्यात पक्षाचा उमेदवार ठरतो, अ‍ॅबट यांनी या आमदारांविरुद्ध उमेदवार उभे केले, बाहेरून पैसा आला, आणि त्यातले बरेचसे पडले किंवा आधीच बाजूला झाले. राज्यभरात दोन्ही पक्ष मिळून नोंदणी केलेल्या पाचातल्या एकानेही त्या दिवशी मत दिलं नाही. शुक्रवारी बाकं भरलेली होती, मंगळवारी मतदानकेंद्र रिकामं.

खेळ, पगार आणि राजकारण हे तिन्ही एका कायद्यात येण्याची ही पहिली वेळ नाही. ४० वर्षांपूर्वीची गोष्ट आहे आणि इथले जुने लोक ती अजून काल घडल्यासारखी सांगतात. १९८२ मध्ये मार्क व्हाइट शिक्षकांना पगारवाढीचा शब्द देऊन गव्हर्नर झाले. विधिमंडळ कर वाढवायला तयार नव्हतं, म्हणून त्यांनी एक समिती नेमली आणि अध्यक्षपदी डॅलसचे उद्योगपती रॉस पेरो यांना बसवलं. पेरो गावोगाव हिंडले आणि म्हणाले की टेक्सासच्या शाळांत अभ्यासाच्या आधी खेळ येतो. १९८४ च्या उन्हाळ्यात विशेष अधिवेशनात कायदा झाला. नव्या शिक्षकाचा किमान पगार वर्षाला सुमारे ११ हजार डॉलरवरून १५ हजारांवर गेला. खालच्या इयत्तांत वर्गाला २२ मुलांची मर्यादा आली. त्यासाठी कर वाढले. आणि नियम आला की कुठल्याही विषयात ७० पेक्षा कमी गुण मिळाले तर मुलाला सहा आठवडे खेळता येणार नाही, बँडमध्ये वाजवताही येणार नाही.

गदारोळ झाला. प्रशिक्षक चिडले, पालक कोर्टात गेले. खेळणं हा मूलभूत हक्क होत नाही असं म्हणत टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये नियम उचलून धरला. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते शिक्षकही गव्हर्नरवर नाराज झाले, कारण त्याच कायद्याने नोकरीत असलेल्या प्रत्येक शिक्षकाला लिहिता-वाचता येतं की नाही याची परीक्षा सक्तीची केली. १९८६ च्या मार्चमध्ये दोन लाखांहून जास्त शिक्षक परीक्षेला बसले. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला असं बसवणं हा अपमान होता, आणि तो त्यांच्या मनात राहिला. त्यातच तेलाचे भाव कोसळले. त्या नोव्हेंबरमध्ये व्हाइट हरले.

या गोष्टीचा अर्थ इथले राजकारणी 'फुटबॉलच्या वाटेला जाऊ नये' असा लावतात. मी तसा लावत नाही. व्हाइट हरले, पण तो कायदा राहिला. खेळबंदी १९९५ मध्ये सहा आठवड्यांवरून तीनवर आली, नियम मात्र आजही आहे, आणि फुटबॉल बुडालं नाही. २२ मुलांची मर्यादा आजही आहे, माझ्या मुलीला ती लहान असताना तिचा फायदा मिळाला. ज्या माणसाने पगारासाठी कर वाढवण्याची हिंमत केली त्याला लोकांनी घरी पाठवलं, आणि त्याने दिलेलं सगळं ठेवून घेतलं. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला तो ७० गुणांचा नियम विशेष वाटतो. आपल्याकडे दहावी-बारावीला राज्य पातळीवर खेळलेल्या मुलाला वाढीव गुण मिळतात, म्हणजे खेळ गुण मिळवून देतो. इथे गुण असतील तरच खेळ मिळतो. दोन्हींत एक कबुली आहे, की खेळ आणि वर्ग ही एकाच शाळेची दोन अंगं आहेत. मग पैशाची वेळ आली की ती अचानक अनोळखी का होतात?

'तो पैसा वेगळा असतो' या वाक्यावर माझा आक्षेप इथे आहे. तो वेगळा आहे, कारण कोणीतरी बसून तो वेगळा केला. ही भिंत ऑस्टिनला कायद्याने बांधलेली आहे, आणि तिथे तिच्यात वेळोवेळी दारं-खिडक्या पाडल्याही गेल्या आहेत. २०१९ मध्येच बघा. त्या वर्षी दोन बदल झाले. एक म्हणजे मोठी स्टेडियमं, पोहण्याचे तलाव, नाट्यगृहं यांचे रोखे शाळांच्या इमारतींपासून सुटे करून मतपत्रिकेवर वेगळा प्रश्न म्हणून मांडायचे. दुसरं म्हणजे अशा प्रत्येक प्रश्नावर मोठ्या अक्षरांत लिहायचं, 'ही मालमत्ता कराची वाढ आहे'. दुसरा बदल मला अन्यायाचा वाटतो, कारण कराचा दर वाढणार नसला तरी ते वाक्य छापावं लागतं. पहिला मात्र मनापासून पटतो. लोकांना सुटा प्रश्न विचारला की लोक सुटा विचार करतात.

७ नोव्हेंबर २०२३ चीच गोष्ट घ्या. आमच्या जवळच्या प्रॉस्परमध्ये त्या दिवशी चार प्रश्न होते. गाव झपाट्याने वाढतंय, शाळा पुरत नाहीत. शाळांसाठी २४० कोटी डॉलरहून जास्त रोखे लोकांनी मंजूर केले. तंत्रज्ञानाचे केले, १२.५ कोटींचं नाट्यगृह केलं. आणि ९.४ कोटींचं नवं स्टेडियम नाकारलं. टेक्सासच्या गावाने, फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गावाने! त्याच दिवशी राज्यभर आणखी एक प्रश्न मतपत्रिकेवर होता, निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनमध्ये महागाईनुसार वाढ द्यायची का. इथल्या बहुतेक शिक्षकांना सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्र सरकारची पेन्शन, नसते, सगळा भार राज्याच्या निवृत्ती निधीवर, आणि त्यात आपोआप वाढ होत नाही. वर्षानुवर्षं त्यांची पेन्शन गोठलेली होती. त्या प्रश्नाला ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं. एवढी मतं एकट्या डेमोक्रॅटची नसतात. टोपीवाले आजोबा त्यात होते, पुढच्या बाकावरची बाईही होती. बाकांवर आठवड्याला भांडणारी ही माणसं शिक्षकांच्या प्रश्नावर एकाच बाजूला उभी होती, फक्त त्यांना तो प्रश्न सरळ विचारला गेला तेव्हाच ते कळलं.

नोकरीत असलेल्या शिक्षकाबद्दल असा सरळ प्रश्न कोणी विचारत नाही. आणि शिक्षक स्वतः तो विचारायला भाग पाडू शकत नाहीत. २०१८ मध्ये शेजारच्या ओक्लाहोमात शिक्षक नऊ दिवस वर्ग सोडून राजधानीत जाऊन बसले. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी महाराष्ट्रातले शिक्षक आणि सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर होते, माझी मावसबहीण त्यात होती. टेक्सासमध्ये सरकारी नोकराला संप करण्याची कायद्याने बंदी आहे, सामूहिक वाटाघाटींचीही. ओक्लाहोमाचा २०१६ चा 'टीचर ऑफ द इयर' ठरलेला शॉन शीहान पगारासाठी २०१७ मध्ये टेक्सासला आला होता, म्हणजे आम्ही कधीकाळी शेजाऱ्यांहून बरे होतो. २०२३-२४ मध्ये मात्र टेक्सासच्या शिक्षकाचा सरासरी पगार ६२ हजार डॉलरच्या आसपास होता आणि देशाचा ७२ हजारांच्या आसपास. त्या वर्षी नव्या नेमणुकांत साधारण तिघांतला एक जण शिक्षकाचं प्रमाणपत्र नसलेला होता. शाळेला माणूस मिळत नव्हता म्हणून हे चाललं होतं.

२०२५ मध्ये शेवटी काहीतरी झालं हे सांगायलाच हवं. मेमध्ये व्हाउचरचा १०० कोटी डॉलरचा कायदा झाला, आणि जूनमध्ये शाळांसाठी सुमारे ८५० कोटींचा. पाच किंवा जास्त वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकाला मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये ५ हजार, लहान डिस्ट्रिक्टमध्ये ८ हजार डॉलरची वाढ मिळाली. तीन-चार वर्षं झालेल्यांना त्याच्या निम्मी. मला मनापासून आनंद झाला. मात्र दर विद्यार्थ्यामागची ती मूळ रक्कम किती वाढली? ५५ डॉलर. म्हणजे ६,१६० ची ६,२१५. पगार शाळेने ठरवायचा तर शाळेच्या हातात जवळजवळ काही दिलेलं नाही. वाढ ऑस्टिनहून येईल, ऑस्टिनला वाटेल तेव्हा येईल.

पुढच्या वेळी आमच्याकडे स्टेडियमचे रोखे मतपत्रिकेवर आले तर मी विरोध करणार नाही. ज्या मुलाला अजून इंग्रजी नीट येत नाही तो ड्रमलाइनमध्ये ताठ उभा असतो, हे मी नाचोजच्या खिडकीतून पाहिलंय. खेळापायी शाळेत टिकलेली मुलं आहेत. पण माझी एक अट आहे. शाळामंडळाने त्याच मतपत्रिकेवर चालू खर्चाचा कर काही सेंटांनी वाढवण्याचा प्रश्नही मांडावा. कायद्याने तो मार्ग उपलब्ध आहे, लोकांनी मंजुरी दिली की झालं. मंडळं तो टाळतात, कारण तो प्रश्न बऱ्याचदा पडतो. पडतो कारण त्याच्यासाठी कोणी झेंडे लावत नाही, टी-शर्ट छापत नाही, बूस्टर क्लबची, म्हणजे खेळ आणि बँडसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या गटाची, मंडळी दारोदार जात नाहीत. स्टेडियमसाठी जातात. बूस्टर क्लबमध्ये मी सहा वर्षं आहे, ही मंडळी काय करू शकतात ते मला माहीत आहे. बँडचा ट्रक घ्यायला पैसे कमी पडले तेव्हा तीन शनिवारांत गाड्या धुऊन ते जमवले होते.

प्रशिक्षकांनीही यात उतरावं. मोठ्या शाळेच्या मुख्य प्रशिक्षकाचा पगार एक लाख डॉलरच्या पुढे जाणं आता इथे नेहमीचं आहे. त्यावर चिडणं सोपं आहे, पण त्याचे सहायक सकाळी भूगोल शिकवतात आणि रात्री अकराला मैदानावरून घरी जातात. तेही शिक्षकच आहेत. गावात मुख्य प्रशिक्षकाचं जेवढं ऐकलं जातं तेवढं मेयरचंही ऐकलं जात नाही. त्याने एकदा माइकवरून म्हटलं, की माझ्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी मत द्या, तर चाळीस पत्रकांचं काम होईल.

आणि आपण, मराठी मंडळी. या पट्ट्यातली किती घरं एच-वन बी वर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत बारा-पंधरा वर्षं उभी आहेत! शाळा बघूनच घर घेतलेलं असतं. मालमत्ता कर सगळा भरतो आणि मताचा हक्क नसतो. म्हणून बरेचजण हात झटकतात, गणपतीतही तेच ऐकलं, 'आपल्याला कुठे मत आहे'. मत नाही हे खरं, पण शाळामंडळाच्या बैठकीत बोलायला मतदार असावं लागत नाही, नाव नोंदवावं लागतं. आणि ज्यांना नागरिकत्व मिळालंय ते तरी नोव्हेंबरला मोठ्या निवडणुकीत जातात, मार्चच्या प्राथमिक निवडणुकीत नाही. या राज्यात आमदार बहुतेक वेळा मार्चमध्येच ठरतो.

ऑक्टोबरच्या बैठकीत मी नाव नोंदवलं होतं. तीन मिनिटं मिळतात. मी दोनच प्रश्न विचारले. पहिला, रोख्यांच्या प्रश्नासोबत पगाराचा प्रश्न का नाही. दुसरा शिक्षकांच्या आरोग्य विम्याचा. राज्य त्यात दर शिक्षकामागे महिन्याला ७५ डॉलर घालतं, २००२ पासून तेवढेच. ही रक्कम बदलण्यासाठी आपलं मंडळ ऑस्टिनला ठराव करून पाठवेल का, असं मी विचारलं. नियमाप्रमाणे सदस्य लगेच उत्तर देत नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. परत जागेवर येताना मागच्या रांगेत टोपीवाले आजोबा दिसले. ते स्टेडियमच्या बाजूने बोलायला आले होते. त्यांनी माझ्यासाठी बाजूची खुर्ची सरकवली आणि विचारलं, "तो पंच्याहत्तरचा आकडा खरा आहे? माझी बायको २००४ ला निवृत्त झाली, तिच्या वेळीही तेवढाच होता." मी हो म्हटलं. त्यांनी खिशातला आपल्या भाषणाचा कागद काढला आणि त्याच्या मागे तो आकडा लिहून घेतला. त्यांचा नंबर माझ्यानंतर चौथा होता.